नगरचे पाहुणे आणि १८९७ चा कायदा

१७ मार्च २०२० रोजी दुपारी तीन वाजता शिर्डीचे साईमंदिर दर्शनासाठी बंद झाले. अहमदनगर जिल्ह्यात (आजच्या अहिल्यानगरात) कोविडची साथ अजून पसरायची होती, पण तिची चाहूल लागली होती. चार दिवसांपूर्वी, १३ मार्चला, राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याखालचे नियम काढले होते. घरी अलग राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायचे ठरले होते, मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्याच शाईचा. २३ मार्चला राज्यभर संचारबंदी आली आणि २४ च्या मध्यरात्रीपासून सारा देश जागच्या जागी थांबला. एसटी बंद, रेल्वे बंद, लॉज आणि खाणावळी बंद. जो जिथे होता तो तिथेच राहिला.

नगर जिल्ह्यातल्या काही मशिदींमध्ये त्या वेळी परदेशी पाहुणे उतरले होते. कुणी पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट, घाना आणि बेनिनचे, कुणी टांझानिया आणि जिबूतीचे, कुणी इंडोनेशियाचे. ते तबलिगी जमातीचे लोक होते. मौलाना मुहंमद इलियास यांनी १९२० च्या दशकात मेवातात सुरू केलेल्या या चळवळीची रीत ठरलेली आहे. आठ-दहा जणांचा गट करून गावोगाव फिरायचे, मशिदीत मुक्काम करायचा, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा आणि मुसलमानांनाच नमाज-रोज्याची आठवण करून द्यायची. दिल्लीच्या निजामुद्दीनमधली बंगलेवाली मशीद हे तिचे मुख्य केंद्र, म्हणजे मरकज. परदेशांतून माणसे तिथे वर्षभर येत असत आणि तिथून देशभर जात. हा परिपाठ पन्नासहून अधिक वर्षांचा होता. सरकारला तो ठाऊक होता आणि व्हिसाही सरकारच देत होते.

नगरमधल्या या पाहुण्यांनी पुढे न्यायालयात सांगितलेली हकिगत साधी आहे. भारत सरकारने दिलेल्या रीतसर व्हिसावर ते आले. विमानतळावर त्यांची तपासणी झाली आणि बाहेर पडू दिले तेव्हाच ते बाहेर पडले. इथली संस्कृती, इथला पाहुणचार, इथले जेवण अनुभवायला ते आले होते. नगर जिल्ह्यात पोचल्यावर आपण आल्याचे त्यांनी जिल्हा पोलीस अधीक्षकांना कळवले होते. मग टाळेबंदी झाली, वाहने थांबली, उतरायला दुसरी जागा उरली नाही आणि मशिदीच्या विश्वस्तांनी त्यांना राहू दिले.

मार्च संपता संपता दिल्लीची बातमी फुटली. मरकजमध्ये टाळेबंदीत अडकलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांना बाहेर काढायला १ एप्रिलची पहाट झाली. त्यांतले कित्येक बाधित निघाले. तिथून आधीच देशभर पांगलेल्यांचा शोध प्रत्येक राज्यात सुरू झाला. ही भीती खोटी नव्हती आणि शोध घेणे चुकीचेही नव्हते. लस नव्हती, औषध नव्हते, तपासणीची साधने अपुरी होती. तालुक्याच्या ठिकाणच्या पोलीस निरीक्षकाला किंवा तहसीलदाराला त्या आठवड्यात काय दिसत असेल, हे आज निवांत बसून लिहिताना विसरता कामा नये. एप्रिलमध्ये नगर शहरातले मुकुंदनगर, तसेच जामखेड, संगमनेर आणि नेवासे हे भाग ‘हॉटस्पॉट’ म्हणून बंद करण्यात आले. रस्त्यांवर बांबू आडवे बांधले गेले आणि दूध-भाजीसुद्धा ठरल्या वेळीच मिळू लागली.

पण त्याच आठवड्यात दुसरेही काही घडले. २ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने ९६० परदेशी तबलिगींचे पर्यटक व्हिसा रद्द केले, त्यांची नावे काळ्या यादीत घातली आणि परदेशी नागरिक कायदा व आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली कारवाई करावी असे राज्यांच्या पोलीस महासंचालकांना कळवले. दूरचित्रवाणीवर तर खटला चालून शिक्षाही होऊन गेली होती. काही वाहिन्यांनी रोगालाच धर्म चिकटवला. ज्या माणसाला काल रोगाची शंका म्हणून तपासायचे होते, तो आज रोग मुद्दाम पसरवणारा ठरला. खेड्यापाड्यांत मुसलमान फळवाल्याकडून माल घेऊ नका असे निरोप फोनवर फिरू लागले.

नगर जिल्ह्यात वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदले गेले. मरकजला जाऊन आलेल्यांनी तपासणीसाठी पुढे यावे अशी जाहीर सूचना दिली होती, तरी हे लोक पुढे आले नाहीत आणि जमावबंदी मोडून मशिदीत राहिले, असे पोलिसांचे म्हणणे होते. एकूण २९ परदेशी नागरिक आरोपी झाले. त्यांना राहू देणारे सहा भारतीयही आरोपी झाले. कलमांची यादी लांब होती. भारतीय दंड विधानाची १८८, २६९, २७० आणि २९०, महाराष्ट्र पोलीस कायद्याचे १३५, साथरोग कायदा, राज्याचे कोविड नियम, आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ५१ आणि परदेशी नागरिक कायद्याचे १४. यांतल्या २७० चा अर्थ होता, जीवघेणा रोग पसरेल अशी कृती दुष्ट हेतूने करणे, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. परदेशी नागरिक कायद्याच्या १४ मध्ये पाच वर्षांपर्यंत. परक्या मुलुखात, भाषा येत नसताना, मायदेशी जाणारे विमान बंद असताना एवढा भार त्यांच्या डोक्यावर आला.

हे सगळे ज्या कायद्याच्या आधाराने सुरू झाले, तो मुळात आपल्या महाराष्ट्रासाठीच जन्मला होता.

१८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग आला. २८ जानेवारी १८९७ रोजी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधेयक मांडले गेले आणि ४ फेब्रुवारीला कायदा झाला. जेमतेम एक आठवडा, आणि इनमीन चार कलमे. प्रवाशांची तपासणी करावी आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ज्यांच्याविषयी रोगाचा संशय वाटेल त्यांना रुग्णालयात किंवा तात्पुरत्या जागी अलग ठेवावे, असा अधिकार त्यात आहे. किती दिवस ठेवायचे, ते कायद्यात नाही. लेखी आदेश द्यायचा का, तेही नाही. आपल्याला चुकून धरले असे वाटले तर दाद कुठे मागायची, याचा उल्लेख नाही. आदेश मोडला तर कलम १८८. आणि चौथे कलम असे की, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कुणावरही दावा चालणार नाही. कायद्यात अधिकाऱ्याचा विचार आहे, पण ज्याला उचलून नेले त्याचा नाही.

पुण्यात या अधिकाराचे काय झाले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. वॉल्टर रँडच्या प्लेग कमिटीने सोल्जरांची पथके घराघरांत घातली, माणसे छावण्यांत नेली, सामान जाळले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. त्याच्या पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि २०२० समजून घ्यायला मला तीच जास्त उपयोगी वाटते. जुलैच्या अखेरीस सरकारने पुण्यातले सरदार बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू यांना अटक केली. बाळासाहेबांनी प्लेगच्या कामात स्वयंसेवक म्हणून भाग घेतला होता आणि झडत्यांमध्ये लोकांवर होणाऱ्या अन्यायाच्या तक्रारी अधिकाऱ्यांकडे लिहून पाठवल्या होत्या. दोघा भावांवर आरोप ठेवला नाही, खटला चालवला नाही. मुंबई इलाख्याचे १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन हाताशी होते, त्याखाली कारण न सांगता माणसाला डांबता येत असे. १८९९ पर्यंत ते स्थानबद्ध राहिले. त्याच सुमारास टिळकांना पकडले, पण त्यांच्यावर निदान खटला झाला, त्यांना वकील मिळाले, ज्यूरी बसली आणि १४ सप्टेंबरला दीड वर्षाची शिक्षा झाली. नातूंना तेवढेही मिळाले नाही. त्या वर्षी डिसेंबरात अमरावतीला भरलेल्या काँग्रेसने विनाचौकशी अटकेच्या या जुन्या रेग्युलेशनांविरुद्ध ठराव केला.

त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोल्जरांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांची बातमी तिथे प्रसिद्ध केली. परत आल्यावर पुरावा द्यायला कुणी उभे राहिले नाही आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. नातू तुरुंगात असताना साक्ष द्यायला कोण येणार? तक्रार करणारा माणूसच विनाखटला नाहीसा होऊ शकतो, हे शहराने डोळ्यांदेखत पाहिले होते.

नगरला विनाखटला कैद नवी नाही. शहराला लागून असलेल्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून जवळजवळ तीन वर्षे जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव असे बारा नेते कोंडले होते. त्यांच्यावर ना आरोप होता ना खटला. त्याआधी पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिकांना नगरलाच छावणीत ठेवले होते. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते शत्रुराष्ट्रात जन्मले होते. याच अनुभवातून गेलेल्या पिढीने राज्यघटना लिहिली. स्थानबद्धतेचा अधिकार त्यांनी काढून टाकला नाही, हे खरे, पण कलम २२ मध्ये त्याला मुदत घातली आणि सल्लागार मंडळ नेमले. आणि जीवित व स्वातंत्र्याचे कलम २१ लिहिताना त्यांनी ‘नागरिक’ असा शब्द वापरला नाही. ते संरक्षण या भूमीवर असलेल्या प्रत्येक व्यक्तीला आहे. आयव्हरी कोस्टहून आलेल्या माणसालाही.

नगर जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतो. परदेशी पाहुणे आणि त्यांचे यजमान गुन्हे रद्द करून घेण्यासाठी तिथे गेले. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांच्यासमोर सुनावणी झाली. २१ ऑगस्ट २०२० रोजी ५८ पानांचा निकाल लागला आणि सगळ्यांवरचे गुन्हे रद्द झाले.

निकालाची ताकद त्याच्या चौकशीत आहे. न्यायालयाने कलमे एकेक करून पुराव्याला लावून पाहिली. व्हिसाची अट मोडली असे म्हणता, तर अट नेमकी काय आहे? सरकारच्याच व्हिसा नियमावलीत धर्मप्रचाराला बंदी आहे, पण धर्मस्थळाला भेट द्यायला किंवा प्रवचन ऐकायला बंदी नाही. मग यांनी प्रचार केला का? इथल्या लोकांशी बोलायला लागणारी हिंदी किंवा उर्दू ज्यांना येत नाही, त्यांनी कुणाला धर्म शिकवला, याचा काही पुरावा कागदांत नव्हता. यांनी रोग पसरवला असे दाखवणारे काही आहे का? तेही नव्हते. मशिदीत राहणे हा गुन्हा, तर टाळेबंदीत लॉज बंद असताना त्यांनी जायचे कुठे? त्याच दिवसांत गुरुद्वारांनी वाटेतल्या मजुरांसाठी दारे उघडली होती, याची न्यायालयाने आठवण करून दिली. आसरा देणे हा गुन्हा ठरत नाही.

मग न्यायमूर्ती नलावडे यांनी त्यापुढचे लिहिले. साथ किंवा संकट आले की सत्तेवरचे सरकार बळीचा बकरा शोधते आणि या परदेशी लोकांना त्यासाठी निवडले गेले असण्याची शक्यता परिस्थितीवरून दिसते, असे त्यांनी नोंदवले. मरकजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध छापील आणि दृक्‌श्राव्य माध्यमांनी मोठा अपप्रचार केला, हेही त्यांनी लिहिले. अतिथीला देव मानणारी परंपरा आपण सांगतो, ती या वेळी आपण पाळली का, असा प्रश्न त्यांनी विचारला. संबंधितांना या कारवाईचा पश्चात्ताप व्हायला हवा आणि झालेली हानी भरून काढायला काही पावले उचलायला हवीत, असे त्यांनी म्हटले. नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनांचाही त्यांनी उल्लेख केला आणि या कारवाईतून भारतीय मुसलमानांना अप्रत्यक्ष इशारा दिला गेला, असे मत मांडले.

या शेवटच्या मुद्द्यावर खंडपीठात एकमत नव्हते. सहा दिवसांनी, २७ ऑगस्टला, न्यायमूर्ती सेवलीकर यांनी आपले वेगळे मत लिहिले. गुन्हे रद्द करण्याला त्यांची पूर्ण संमती होती, पण आंदोलनांचा संदर्भ याचिकेत आलेलाच नव्हता, म्हणून त्यावरची निरीक्षणे आपल्याला मान्य नाहीत, असे त्यांनी सांगितले. हे दोन्ही कागद एकत्र वाचले पाहिजेत. निकालाचा गौरव करणारे बहुतेक जण दुसरा कागद गाळतात आणि निकालावर टीका करणारे त्याच्याच आडोशाला जातात. माझ्या लेखी दुसऱ्या मताने पहिल्याचे वजन वाढते. सरकारच्या हेतूविषयी ज्या न्यायाधीशांना काही म्हणायचे नव्हते, त्यांनाही या २९ माणसांविरुद्ध खटला चालवण्याजोगे काही सापडले नाही. हेतूचा वाद बाजूला ठेवला तरी गुन्हे टिकत नव्हते.

देशात इतरत्रही तेच दिसले. जूनमध्येच मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी तिथल्या परदेशी तबलिगींवरचे खटले थांबवून त्यांच्या परतीचा मार्ग मोकळा केला होता. २१ सप्टेंबरला आपल्याच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्यानमारच्या आठ जणांवरचा गुन्हा रद्द केला. दिल्लीत साडेनऊशेंवर परदेशी नागरिकांवर दोषारोपपत्रे होती. त्यांतल्या बहुतेकांनी किरकोळ दंड भरून, गुन्हा कबूल करून घरची वाट धरली. परक्या देशात अडकलेल्या माणसाकडून त्या स्थितीत वेगळी अपेक्षा कशी करावी? कबुलीने सुटका लवकर होते आणि निर्दोषपणा सिद्ध करायला महिने लागतात. तरी ४४ जणांनी खटला लढायचे ठरवले. आठ जणांना आरोपनिश्चितीच्या वेळीच सोडून दिले आणि उरलेले ३६ जण १५ डिसेंबर २०२० रोजी निर्दोष सुटले.

संकटकाळच्या अधिकाराची ही खरी किंमत आहे. अलग ठेवणे हा उपचाराचा भाग आहे आणि साथीत तो करावाच लागतो. पण अलगीकरणाच्या खोलीचे दार बाहेरून कोण लावतो, किती दिवसांसाठी, आणि ते उघडायला सांगणारा कुणी आहे का, हे कायद्यात लिहिलेले नसेल, तर डॉक्टरच्या जागी पोलीस येतो आणि रुग्णाच्या जागी आरोपी. एकदा असे झाले की माणसे तपासणीपासून दूर पळतात. १८९७ मध्ये पुण्यात लोकांनी आजारी माणसे लपवली, प्रेते लपवली, कारण दवाखाना आणि छावणी यांत त्यांना फरक दिसत नव्हता. ज्याला गुन्ह्याची भीती आहे तो ताप आल्याचे सांगत नाही, आणि मग साथ आटोक्यात येत नाही. नागरिकाचे स्वातंत्र्य आणि सगळ्यांचे आरोग्य यांत इथे निवड करायची नसतेच.

नगर जिल्ह्यात याचा उलट दाखलाही आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि कित्येक दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. ज्या कुष्ठरोग्यांना गाव वेशीबाहेर ठेवत असे, त्यांच्यावर याच बायकांनी गावात राहून उपचार घडवले. जगभरचे डॉक्टर ते शिकायला जामखेडला येत. रोग्याला गावाबाहेर न काढता रोग काबूत आणता येतो, हे त्या तालुक्याने पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवले होते. २०२० मध्ये राज्यापुढे तो नमुना होता, पण घाबरलेल्या राज्याने १८९७ चा कागद काढला.

त्या कागदात एप्रिल २०२० मध्ये वटहुकमाने आणि सप्टेंबरात संसदेच्या कायद्याने भर घातली गेली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करून गंभीर इजा करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद ठेवली. डॉक्टर-नर्सवर दगड पडत होते, तेव्हा ही दुरुस्ती हवीच होती. पण अलग ठेवलेल्या माणसाच्या हक्काचे एकही वाक्य त्या वेळी जोडले गेले नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचे म्हटले आणि तो नीट बदलावा किंवा नवा करावा, अलगीकरण, विलगीकरण आणि टाळेबंदी यांच्या स्पष्ट व्याख्या कराव्यात, अशी शिफारस केली. व्याख्या हव्यातच. त्यांच्यासोबत लेखी आदेश, ठरलेली मुदत, त्या मुदतीत दंडाधिकाऱ्यापुढे दाद मागण्याचा हक्क आणि चुकून डांबलेल्याला भरपाई, एवढे तरी नव्या कायद्यात यायला हवे. दंड विधान जाऊन न्याय संहिता आली, १८८ चे २२३ झाले, पण १८९७ च्या कायद्याचे संशयावरून माणूस अलग करणारे दुसरे कलम तसेच आहे, आणि दावा चालू न देणारे चौथेही.

नगरच्या सहा यजमानांची सुटका ऑगस्ट २०२० मध्ये झाली, पाहुण्यांसोबतच. दिल्लीत परदेशी तबलिगींना घरात आणि मशिदीत आसरा दिला म्हणून ज्या ७० भारतीयांवर १६ गुन्हे नोंदले होते, ते दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केले १७ जुलै २०२५ रोजी.